दोर वाढला

आमच्यात दोर तुटत नाही. दोर वाढतो.

बांगडी फुटली की ती वाढली म्हणायचं, मंगळसूत्र गेलं की तेही वाढलं म्हणायचं, देवापुढचा नारळ वाढवायचा. हे तुमच्याही घरात असेल. आम्ही तर दोरावर पोट भरणारी माणसं. सावळघाटाच्या कड्याला लटकून सुटे धोंडे पहारीनं पाडायचे, उरलेल्यांवर जाळ्या ठोकायच्या, म्हणजे खालच्या रस्त्यावर दरड येत नाही. दोर हेच आमचं मंगळसूत्र. त्याच्याबद्दल तो दुसरा शब्द तोंडातून काढायची कोणाची छाती? एका इंजिनिअरनं जेवता जेवता तो शब्द काढला, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं.

आमच्या कारभाऱ्यांचं नाव धोंडू आखाडे. लिहायला चालतं, तोंडानं मी घेत नाही. आईबापानं नाव धोंडू ठेवलं आणि माणूस जन्मभर धोंड्यांच्याच मागे लागला. ते कड्यावर, वर पठारावर दोर गुंडाळणाऱ्या विंचपाशी बाळू झोरे, आणि खाली रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी, हौसा. कड्याच्या पोटाला लटकलेला माणूस बाळूला वरून दिसत नाही. म्हणून मी खालून दुर्बीण लावून बघायचं आणि वॉकीटॉकीवरून दोघांना सांगत राहायचं.

दोर दोन असतात. एक कामाचा, त्यावरून कारभारी स्वतःच वरखाली होतात. दुसरा राखणीचा, तो बाळूच्या विंचवर. कारभाऱ्यांनी कामाचा दोर लांबवला की ते म्हणायचे, "दोर दिला." मग मी बाळूला म्हणायचं, "राखणीचा सोड." तो तेवढाच सैल करणार. आणि मी "धर" म्हटलं की धरणार. सोड आणि धर, या दोन शब्दांवर आमचा संसार चालला होता.

आमचे जुने सेट बाजारातले स्वस्तातले होते. बटण फिरवून मिळेल त्या पट्टीवर बोलायचं. खरखर, वारा, धापा, शिव्या, सगळं त्यातून ऐकू यायचं. परवाना लागतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारायला गेलो नव्हतो.

मग त्या रविवारी सकाळी लहर-नियंत्रण खात्याची निरीक्षक आली. तन्वी देवस्थळी. पोरगी गुणी होती. चहा घेतल्यावर कप स्वतः विसळला, तेव्हाच मला आवडली.

"मावशी, हवा मोकळी दिसते, पण ती रस्त्यासारखी आहे," ती म्हणाली. "रस्ता एकच, वाहनं शंभर. म्हणून सरकारनं पट्ट्या आखल्या. एक पोलिसांची, एक विमानांची, एक समुद्रातल्या बोटींची. एक अरुंदशी पट्टी सगळ्यांना मोकळी, विनापरवाना. तिच्यावर कमी ताकदीच्या सेटनं कोणीही बोलावं. तुमचे जुने सेट त्या पट्टीवर नाहीतच. तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्याच्या शेतातून गाडी हाकताय."

"शेत कोणाचंय पर?" कारभारी म्हणाले.

तिनं दरीपलीकडे बोट दाखवलं. समोरच्या मोरगडावर नवा रोपवे झाला होता. पर्यटकांचे पाळणे गोगलगायीसारखे वर चढत होते. "त्यांचं. खालचं यंत्र आणि वरचं यंत्र त्या पट्टीवर एकमेकांशी बोलतात. मध्ये परका आवाज घुसला की यंत्र ब्रेक लावतं. पाळणे जिथल्या तिथे उभे. आजपासून हे सक्तीचं आहे, दादा. जुना सेट दाबलात तर तुरुंग आहे, आणि तुकडीचा कड्यावर काम करायचा परवाना कायमचा रद्द."

मग तिनं नवे सेट काढले. आधीचा आठवडाभर तिच्या माणसांनी येऊन आमचं बोलणं त्यांना शिकवून ठेवलं होतं. सेटचं नाव सांगावा.

त्याची करामत ऐकून मी थक्क झाले. मोकळी पट्टी आता ड्रोननी, गाड्यांनी, पाण्याच्या मीटरांनी ठेचून भरली होती. तीत सगळ्यांचा आवाज मावणार कसा? म्हणून सांगावा आवाज पाठवतच नाही. तो तुमचं बोलणं ऐकतो, त्याचा अर्थ काढतो, आणि तेवढा चिमूटभर अर्थ आकड्यांत बांधून पाठवतो. पलीकडचा सेट त्या अर्थाचं पुन्हा बोलणं करतो, आणि तेही तुमच्याच आवाजात, कारण तो आवाज त्यानं आधीच शिकून ठेवलेला असतो.

"म्हणजे पोतं न्यायचं नाही," मी म्हटलं, "नुसती चिठ्ठी न्यायची की पोतंभर तांदूळ. आणि समोरच्यानं आपल्या कणगीतून पोतं भरायचं."

"अगदी बरोबर! रोजचे शब्द तो जसेच्या तसे देतो. एखादा न ऐकलेला शब्द आला तर मात्र अर्थ लावून सांगतो. पट्टी भरलेली असेल तर तातडीचं आधी जातं, साधं बोलणं रांगेत थांबतं. आणि एक सेट, एक आवाज. तुमचा सेट तुमचंच ऐकणार."

कारभाऱ्यांनी शेडच्या मागे जाऊन बोलून पाहिलं. माझ्या सेटमधून त्यांचा आवाज आला. ना खरखर, ना खाकरा. "हौसे, हे यंत्र माझ्यापेक्षा बरं बोलतंय की!"

"तुमच्यापेक्षा बरं बोलायला यंत्र कशाला पायजे? बाळूची म्हैस पन बोलंल," मी म्हटलं. तेव्हा सगळे हसलो.

तन्वीनं जुने सेट मागितले. आम्ही तिघांनी मुकाट तिच्या पिशवीत तीन सेट टाकले आणि तिनं पिशवीला सील लावलं. तिन्ही सेट कधीचे बंद पडलेले होते. चालू सेट कारभाऱ्यांच्या बंडीखाली कमरेला होता, बाळूचा त्याच्या झोळीत, आणि माझा चहापत्तीच्या डब्यात. सरकारनं मागितलं की द्यायचं नक्की, पण काय द्यायचं ते आपण ठरवायचं. कारभाऱ्यांचं म्हणणं असं, की बोलायला कायदा लागतो, ऐकायला लागत नाही. म्हणून तिन्ही सेट बारीक आवाजात चालू ठेवायचे आणि बोलायचं नाही.

दुपारपर्यंत झकास चाललं. "दोर दिला." "राखणीचा सोड." "सोडतो, वैनी." शब्द अगदी जसेच्या तसे येत होते. तन्वी टेबलाशी बसून काहीतरी टिपत होती.

जेवणं झाली आणि कोकणातून धुकं चढलं. आधी झाडं गेली, मग जाळ्या, मग कारभाऱ्यांचं लाल शिरस्त्राण. मी दुर्बीण खाली ठेवली. वारा सुटला होता. शेडचे पत्रे थडथडत होते. वर कुठेतरी धोंडा सुटल्याचा आवाज झाला. तो रोजचाच. मी चहाचं आधण ठेवत होते.

छातीवरचा सेट बोलला. कारभाऱ्यांचा आवाज.

"दोर लांब केला आहे."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाळू, राखणीचा सोड."

"सोडतो, वैनी."

मी चहात साखर टाकली. चमचा ढवळला. आणि माझा हात थांबला. लांब केला आहे? आमचे कारभारी आणि "केला आहे"? लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून मी कधी "आहे" ऐकलं नव्हतं. आणि दोर दिल्यावर ते "दिला" म्हणायचे. सकाळपासून सेट तेच सांगत होता. मग आताच वेगळं का बोलला?

मी सेट ओठांशी धरला. "वर, पुन्हा सांगा. काय झालं?"

"दोर लांब केला आहे. मी खाली येत आहे."

बातम्या वाचल्यासारखा आवाज. पत्रे उडायच्या बेतात होते, आणि कड्यावर उघड्या वाऱ्यात लटकलेल्या माणसाच्या आवाजात वारा नव्हता. श्वास नव्हता. हा त्यांचा गळा होता, पण गळ्याच्या आत ते नव्हते.

ते खरं काय बोलले असतील? कोणत्या शब्दाचा अर्थ सेटनं "लांब" असा लावला असेल? त्या शिकवण्याच्या आठवड्यात आमचा एकही दोर गेला नव्हता. तो शब्द सेटनं कधी ऐकलाच नव्हता.

वाढला.

कामाचा दोर गेला होता. माझा माणूस फक्त राखणीच्या दोराला लटकत होता, आणि मी आताच बाळूला तो दोर सोडायला सांगितला होता.

"बाळू, थांब! सोडू नको! थांब!"

सेटवर पिवळा दिवा लागला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आपला संदेश रांगेत आहे."

"थांब! अरे मुडद्या, थांब!"

"आपला संदेश रांगेत आहे."

तन्वी उठून उभी राहिली. "मावशी, काय झालं?"

"ह्याला सांग बाळूला थांबवायला! हा पाठवत न्हाय!"

तिचा चेहरा उतरला. तिला एका क्षणात कळलं, आणि तिनं मला जे सांगितलं ते ऐकून मी अजून रात्री दचकते. "'थांब' हा तुमचा रोजचा शब्द आहे. तो साधा समजतोय. आज रविवार आहे, गर्दीनं पट्टी आत्ताच पूर्ण भरलीये."

"मी वरडतेय की!"

"ओरडणं तो पाठवत नाही, मावशी. ओरडण्याला अर्थ नसतो. काय झालं ते सांगा. आपत्काल म्हणा आणि काय झालं ते सांगा!"

"आपत्काल! दोर वाढला! दोर वाढला!"

पिवळा दिवा तसाच. "दोर लांब केल्याची सूचना. रांगेत आहे."

तन्वीनं माझा सेट हिसकावला. "आपत्काल, दोर तुटला!" ती त्यात ओरडली. दिवा विझला. सेट तिचा नव्हता. त्यानं तिला ऐकलंच नाही. तिनं तो माझ्या हातात परत कोंबला. ती रडकुंडीला आली होती. "तुम्ही म्हणा. तुम्हीच म्हणायला हवं. तुटला म्हणा! एवढंच म्हणा, लगेच जाईल!"

मी तोंड उघडलं.

तुम्ही म्हणाल, बाई अडाणी. मला सगळं कळत होतं. शब्दानं दोर तुटत नाही हे मला कळतं, यंत्र कसं चालतं तेही कळलं होतं. पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटली. वर धुक्यात माझा नवरा एका दोराला लटकलेला, आणि मी, त्याची बायको, त्या दोराखाली उभी राहून तो शब्द काढू? माझ्या तोंडातून "तु" एवढंच निघालं, आणि पुढे नुसती हवा.

मग मी चहापत्तीचा डबा उपडा केला.

जुना सेट बघून तन्वी मागे सरली. "हा... तुम्ही तर जमा केला होता."

"तो मेलेला व्हता."

"मावशी, नका. दाबू नका. रोपवे थांबेल. पाळण्यांत माणसं आहेत, या वाऱ्यात ती लटकतील. लहान मुलं असतील."

मी समोर पाहिलं. धुक्यात गड नव्हता, पाळणे नव्हते, नुसतं पांढरं होतं. त्या पांढऱ्यात कोणाकोणाची लेकरं बसली होती, मला ठाऊक नव्हतं. मला भीती वाटली नाही असं नाही. फार वाटली. पण लटकणं आणि पडणं यांत काय फरक असतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"लटकू देत," मी म्हटलं, आणि बटण दाबलं. "बाळू! राखणीचा धर! सोडू नको, धर!"

खरखर. फक्त खरखर. आणि मग दरीपलीकडून, धुक्याच्या आतून, लोखंडावर लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला. रोपवे थांबला होता. त्यामागून बारीक किंकाळ्या ऐकू येऊ लागल्या. तन्वीनं दोन्ही हातांनी कान झाकले.

"धरला, वैनी!" बाळूचा आवाज फाटलेला, धापा टाकणारा, त्याच्यामागे विंच कुरकुरत होतं. "दोन हात सोडला व्हता. धरला आता. काय झालं?"

छातीवरचा सांगावा तेवढ्यात पुन्हा बोलला. कारभाऱ्यांचा गळा, स्वच्छ, शांत. "माझे खाली येणे थांबले आहे."

मी तो सेट ओरबाडून काढला आणि भिंतीवर आपटला. त्यांच्या आवाजात मला कोणीही काहीही सांगायला नको होतं. जुना सेट कानाला लावून मी बसून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. किंकाळ्या चालू होत्या. मग खरखरीत वारा आला. कड्यावरचा खरा वारा, शिट्टी घालणारा. आणि त्यात कोणीतरी कण्हत होतं.

"हौसे... वाढला गं... वाढला..."

"ऐकतेय," मी म्हटलं. "ऐकतेय मी. हलू नका. बाळू वडतोय."

बाळूनं त्यांना वर घेतलं. राखणीचा दोर सैल झाल्यावर ते खालच्या कपारीवर आपटले होते. डावा पाय दोन जागी मोडला होता. ते दोन हात मीच सोडायला लावले होते. बाळूनं आणखी थोडा सोडला असता, तर कपारही संपली असती. पाळण्यांतली माणसं संध्याकाळी सुखरूप उतरली. एका म्हाताऱ्या बाईंना चक्कर आली होती, एक पोर ओकून ओकून निपचित झालं होतं. त्या पोराची आई टीव्हीवर माझ्या नावानं बोटं मोडत होती. तिच्या जागी मी असते तर मीही मोडली असती.

चौकशी पावसाळ्यानंतर लागली. मोठं कार्यालय, थंडगार खोली, टेबलापलीकडे साहेब, कोपऱ्यात तन्वी. कारभारी कुबड्या भिंतीला टेकवून माझ्या मागच्या खुर्चीवर बसले. टेबलावर एक काळी डबी होती. जबाब टिपणारं यंत्र. सांगाव्याचंच थोरलं भावंड.

"बेकायदा पट्टीवर सेट का वापरलात?" साहेबांनी विचारलं.

"दोर वाढला व्हता, साहेब."

डबीनं ते घेतलं आणि साहेबांना वाचून दाखवलं. माझ्याच आवाजात. ठसका नाही, हेल नाही, शाळेच्या बाईंसारखा माझा आवाज त्या खोलीत म्हणाला, "दोर लांब केला होता, साहेब."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "दोर लांब केला होता, एवढ्यासाठी तुम्ही रोपवे थांबवलात?"

मागे खुर्ची करकरली.

तन्वी उठली. "सर, त्यांच्याकडे त्याचा अर्थ..."

"मॅडम, जबाब त्यांचा आहे. तो त्यांच्याच तोंडून यायला हवा."

ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मी माझ्या अहवालात लिहिलंय. पण यंत्र अहवालावरून शिकत नाही, आवाजावरून शिकतं. आज तुम्ही जो अर्थ सांगाल तो उद्या सगळ्या घाटांतल्या सेटांत जाईल. कालही सहा तुकड्यांना सेट वाटलेत. त्यांच्यातही दोर वाढतोच, मी विचारून आलेय."

त्या सहा तुकड्यांतल्या कड्याखाली बसलेल्या बायका मला दिसल्या. कोणी चहाचं आधण ठेवत असेल. कोणाच्या छातीवर तो गोड आवाज बोलेल, आणि ती सवयीनं म्हणेल, राखणीचा सोड.

मी डबीकडे तोंड केलं. माझा माणूस जिवंत होता, पाठीमागे बसला होता, त्याच्या अंगाला लावलेल्या तेलाचा वास येत होता. तरी माझी छाती धडधडत होती. कड्याखाली जेवढी धडधडली त्याहून जास्त, कारण आता काही झालं तर ते माझ्या तोंडानं होणार होतं.

"आमी दोर वाढला म्हनतो," मी सावकाश म्हटलं. "वाढला म्हंजे..."

जीभ पुन्हा चिकटली. मी डोळे मिटले.

"वाढला म्हंजे तुटला. दोर तुटला व्हता, साहेब."

डबीवर हिरवा दिवा लागला. या वेळी तिनं माझा शब्द जसाच्या तसा घेतला.

मी झटकन वळून मागे पाहिलं. कारभारी होते. खुर्चीतच होते, चांगले जमिनीवर. पण त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरून ठेवल्या होत्या.